शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली



आपल्याकडं जुन्या बायका शनिवारी तेल विकत आणू देत नाहीत. कोकणात अलिबागच्या बाजूला तर एक समाज असा होता, जो शनिवारी तेल काढायचाच नाही. घाणा बंद, बैल दावणीला. गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. हे तेली म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले यहुदी. स्वतःला ते ‘बेने इस्रायल’, म्हणजे इस्रायलची लेकरं, म्हणवतात. यहुदी धर्म ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन्ही धर्मांहून जुना. त्यात शनिवार हा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी कामधंदा करायचा नाही.

त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की फार पूर्वी नवगावजवळ समुद्रात जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. धर्माचे ग्रंथ बुडाले. मग ही माणसं कोकणातल्या गावागावांत राहिली, तेलाचा धंदा करू लागली, मराठी बोलू लागली. गावावरून आडनावं पडली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. बाया लुगडं नेसायच्या, लग्नात मेंदी लावायच्या. आजही नवस फेडताना त्यांच्यात ‘मलिदा’ करतात. त्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं असतात.

ग्रंथ नाही, गुरू नाही, मंदिर नाही. मग धर्म टिकला कशावर? शनिवारचा विसावा पाळला, मुलाची आठव्या दिवशी सुंता केली, ‘शेमा’ नावाची एक प्रार्थना तोंडपाठ ठेवली. आणि चुलीपाशी काय चालतं, काय चालत नाही, ते आईनं लेकीला शिकवलं.

याचीच एक गोष्ट त्यांच्यात सांगतात. दावीद राहाबी नावाचा यहुदी पाहुणा कोकणात आला. हे लोक आपल्याच धर्माचे आहेत का, अशी त्याला शंका आली. त्यानं बायांपुढं माशांची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला काढले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. यहुदी धर्माचा नियम तोच आहे. पाहुण्याला ओळख पटली. ही परीक्षा दिली ती बायांनी, तीही रोजच्या रांधण्यातून.

पुढं इंग्रजांच्या काळात हे लोक मुंबईला गेले. कुणी फौजेत, कुणी कचेरीत, कुणी सुतारकामात शिरलं. फौजेतल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. 1875 मध्ये समाजाची शाळा निघाली. तिथं पुढं रिबेका रूबेन मुख्याध्यापिका झाल्या. त्यांनी समाजाचं वार्षिकही काढलं. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. बायांच्या बाळंतपणासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

1948 मध्ये इस्रायल देश झाला, आणि पुढच्या काही वर्षांत हजारो बेने इस्रायल तिकडं गेले. आपल्या धर्माच्या देशात गेल्यावर काय झालं? 1960 नंतर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नात अडचण काढली. तुम्ही पक्के यहुदी कशावरून? आई, आजी, पणजी कोण होत्या, ते शक्य तेवढं मागं जाऊन तपासा, असा हुकूम निघाला. ज्या बायांनी ग्रंथावाचून धर्म सांभाळला, त्यांच्याच नावाचा पुरावा मागितला! लोक जेरुसलेमला आंदोलनाला बसले. शेवटी 1964 मध्ये तिथल्या संसदेनं ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य केलं.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन नाही. वारस नोंद असो, विधवा पेन्शन असो, खिडकीवर पहिला प्रश्न येतो, ‘कागद कुठंय?’ वीस वर्षं नवऱ्याच्या शेतात राबलेल्या बाईचं नाव सात-बाऱ्यावर नसतं. तिचं काम सगळ्या गावानं पाहिलेलं असतं, पण खिडकीवर गाव बोलत नाही.

बायांच्या हातात परंपरा टिकते, हे खरं. पण ती लिहिलेली नसली की परका माणूस शंका घेतो. हे ओळखून हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास लिहून काढला. रीतभात, गावं, आडनावं सगळं त्यात आलं.

इस्रायलमध्ये राहूनही या लोकांनी मराठी सोडली नाही. तिथं त्यांचं ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक निघालं. महाराष्ट्रात आता थोडीच माणसं उरली. 2016 मध्ये आपल्या राज्य सरकारनं त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

आता या महिन्यासाठी एक काम सांगते. बचत गटाच्या बैठकीत हिशोब झाला, की वहीची मागची पानं उघडा. प्रत्येकीनं आपल्या आईचं, आजीचं, पणजीचं नाव आणि माहेरचं गाव लिहायचं. लिहिता येत नसेल तिचं शेजारणीनं लिहायचं. जमिनीवर, घरावर कुणाचं नाव आहे, तेही त्याच पानावर टिपायचं. जिथं आपलं नाव असायला हवं आणि नाही, तिथं खूण करायची. पुढच्या वेळी तलाठी कार्यालयात काय मागायचं, ते त्या खुणांवरून ठरवू.