डोस वयावर नाही, वजनावर

पावसाळा लागला की महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर मुलांना ताप, जुलाब सुरू होतात. मग मोठ्याची उरलेली अँटिबायोटिकची बाटली धाकट्याला दिली जाते. तसं करू नका. पाणी घालून केलेलं औषध थोडेच दिवस टिकतं आणि डोस मुलाच्या वजनावर ठरतो. दवाखान्यात गेलात की अंगणवाडीतलं ताजं वजन सांगा, नाहीतर तिथल्या काट्यावर करून घ्या.

एकाच नावाच्या औषधात ५ मिलीमागे कधी १२५, तर कधी २५० मिलिग्रॅम असतं. बाटली बदलली की माप पुन्हा विचारा. घरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप घ्या.

जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं गंभीर आजारात जीव वाचवतात. पण ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. डोस जास्त झाला, दिवस लांबले किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असलं, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सोबत आयबुप्रोफेन दिलं तर धोका वाढतो. म्हणून आधी दिलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा.

मुलाला सहा-आठ तास लघवी झाली नाही, चेहरा किंवा पाय सुजले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. घाटातून खाली यायला वेळ लागतो. लघवी होत असली तरी इजा असू शकते, म्हणून क्रिएटिनिनची रक्ततपासणी सांगितली तर टाळू नका. मात्र चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.