सारथ्याचे मोल



लासलगावचा कांदा कोलकात्याच्या बाजारात पोहोचतो, चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या मोटारी उत्तरेकडील शहरांत विक्रीला उभ्या राहतात, इचलकरंजीचे कापड शेकडो मैलांवरच्या पेढीत उलगडले जाते. या प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी एक माणूस रात्रभर जागा असतो. २०२० च्या टाळेबंदीत अवघा देश घरात बसला होता, तेव्हाही या माणसाची चाके फिरत होती. वाटेवरील ढाबे बंद, गॅरेज बंद, अनेक ठिकाणी पाण्याचीही भ्रांत. तरीही धान्य आणि औषधे पोहोचली. त्या दिवसांत त्याचे कौतुक झाले आणि टाळेबंदी उठताच ते विसरले गेले.

आज मालवाहतुकीच्या व्यवसायात चिंतेचा एक सूर सर्वत्र ऐकू येतो : गाड्या आहेत, माल आहे, पण चालक मिळत नाही. मालकांच्या बैठकीत या चिंतेला तक्रारीचे रूप येते. नव्या पोरांना कष्ट नकोत, पहिल्याच दिवशी त्यांना भरघोस पगार हवा, दोन फेऱ्या झाल्या की आगाऊ रक्कम घेऊन ती दुसरीकडे जातात, असे जुने ट्रकमालक सांगतात. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. तथापि तक्रार ऐकणाऱ्याने हिशेबाची दुसरी बाजूही तपासली पाहिजे.

जड वाहन चालविण्याची विद्या पूर्वी क्लीनरच्या रूपाने मिळत असे. कोवळ्या वयाचा मुलगा उस्तादाच्या गाडीवर चढे. ताडपत्री बांधणे, दोर आवळणे, टायरची हवा पाहणे, घाटात मागच्या चाकाला दगड लावणे अशी कामे करीत तो चार-पाच वर्षांत तयार होई. ही शिकवणी कष्टाची होती, कित्येकदा अपमानाचीही होती. परंतु तिच्यातून रस्ता ओळखणारा माणूस घडत होता. खर्च वाचविण्याच्या ओघात बहुतेक गाड्यांवरून क्लीनर नाहीसा झाला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असण्याची अटही २०१८ मध्ये शिथिल झाली. परिणामी आजचा नवा चालक परवाना हाती पडताच एकटाच हजार-दोन हजार किलोमीटरच्या वाटेवर निघतो. कायद्याने विसाव्या वर्षी तो परिवहन वाहन चालवू शकतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अटही २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. दार मोठे झाले, हे चांगलेच झाले. मात्र दारातून आत आल्यावर शिकविणारा उस्ताद उरला नाही.

आता पगाराचा प्रश्न. समजा, एखाद्या तरुणाला महिना अठरा हजार रुपये ठरले. महिन्यातील सव्वीस दिवस तो गाडीवर आहे आणि रोज बारा तास काम करतो. हे तीनशे बारा तास झाले. म्हणजे तासाला अठ्ठावन्न रुपयेही पडत नाहीत. त्याचाच गावकरी मित्र शहरातील गोदामात तेरा हजारांवर आठ तासांची नोकरी करतो. सव्वीस दिवसांचे दोनशे आठ तास. तासाला साडेबासष्ट रुपये. शिवाय तो रात्री घरी जेवतो. चालकाच्या पगारातून मात्र वाटेतले जेवण, कधी मालाची तूट, कधी दंडाची पावती वजा होते. हिशेब असा मांडला की पंचवीस हजार मागणारा नवा चालक लोभी ठरत नाही. त्याला बेरीज-वजाबाकी येते, एवढेच सिद्ध होते.

फेरीवर किंवा किलोमीटरवर मोबदला ठरला, तर आणखी एक अडचण येते. चाक फिरते तेव्हाच पैसा मिळतो. बंदराच्या रांगेत, कारखान्याच्या फाटकाबाहेर, बाजार समितीच्या आवारात माल उतरण्याची वाट पाहत गेलेला दिवस कोणाच्याच खात्यात पडत नाही. वाराई कोणी द्यायची, यावरून होणारी हुज्जतही त्याच्याच माथी येते. वाया गेलेला वेळ मग रात्री झोप मोडून भरून काढला जातो.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातील दहा प्रमुख वाहतूक केंद्रांवर बाराशेंहून अधिक चालक व वाहनमालकांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. चालक दिवसाला सरासरी बारा तास गाडी चालवितात आणि जवळपास निम्मे चालक थकवा वा झोप आली असतानाही चालवीत राहतात, असे त्यात आढळले. सर्वांत बोलका आकडा निराळाच आहे : आपल्या नातलगाने या व्यवसायात यावे, अशी शिफारस करणार नाही, असे चौऱ्याऐंशी टक्के चालकांनी सांगितले. सुताराला मुलगा सुतार व्हावा असे वाटते, शेतकऱ्यालाही शेत मुलाच्या हाती द्यावेसे वाटते. ज्या व्यवसायातील बापच मुलाला ‘येऊ नकोस’ म्हणतो, त्या व्यवसायाचा उद्या काय असणार?

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि लांब पल्ल्याच्या मार्गावर जास्तीत जास्त दहा व चोपन्न तास अशी मर्यादा घातली होती. परंतु तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता, आणि आपल्याकडील बहुसंख्य मालक एक-दोन किंवा चार गाड्यांचे धनी. आता हा कायदा कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यविषयक नव्या संहितेत समाविष्ट झाला आहे. संहिता कोणतीही असो, कागदावरचे तास रस्त्यावर मोजले जाणार नसतील, तर चालकाच्या डोळ्यावरची झोप काही कमी होणार नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या सर्व मृत्यूंचा दोष चालकांच्या थकव्यावर टाकता येणार नाही. तथापि दमलेल्या माणसाच्या हाती वीस-पंचवीस टनांचे ओझे देणाऱ्या समाजाने या आकड्याकडे पाहून निर्धास्त राहता कामा नये.

नव्या चालकाला नेमके काय हवे असते? पैसा हवा, हे उघड आहे. पण त्याच्या तोंडी त्याहून अधिक वेळा येणारा प्रश्न असा : घरी कधी परतणार? जुन्या पिढीने महिना-दीड महिना बाहेर राहणे प्राक्तन म्हणून स्वीकारले. नव्या पिढीच्या हाती भ्रमणध्वनी आहे. मुलाचा वाढदिवस ती रस्त्याच्या कडेला उभी राहून पडद्यावर पाहते आणि म्हणून अधिक व्याकूळ होते. चालकाला मुलगी द्यायला घरे कचरतात, ही तर गावोगावची कहाणी. त्यातच अपघात झाल्यास जमावाच्या माराची धास्ती. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेतील दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा हीच धास्ती रस्त्यावर आली होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना ते उपकलम बाजूला ठेवले गेले.

सुधारणेच्या काही वाटा दिसू लागल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले. रिव्हिगो या कंपनीने २०१४ नंतर टप्प्याटप्प्याने चालक बदलण्याची पद्धत राबविली. माल पुढे जातो आणि चालक काही तासांच्या टप्प्यानंतर दुसरी गाडी घेऊन घराकडे परततो. ही पद्धत प्रत्येक लहान मालकाला परवडेल असे नव्हे. परंतु एकाच मार्गावरील चार-सहा मालकांनी एकत्र येऊन सहकाराच्या भावनेने तिचा विचार करणे अशक्य नाही. महाराष्ट्राला सहकार नवा नाही.

मालकाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. डिझेलचा खर्च, गाडीचा हप्ता, टोल, विमा आणि महिनोन्महिने थकणारे भाडे या कात्रीत तोही सापडला आहे. म्हणून नव्या चालकानेही काही पथ्ये पाळावीत. आगाऊ रक्कम घेऊन गाडी अर्ध्या वाटेत सोडणे हा मालकाचा विश्वासघात तर आहेच, शिवाय मागून येणाऱ्या प्रामाणिक तरुणाचा मार्ग बंद करणारे पाप आहे. डिझेलची बाटलीभर चोरी ही चोरीच. पहिले वर्ष शिकण्याचे आहे. ब्रेक तापू न देता घाट उतरणे, माल समतोल भरून घेणे, झोप आली की निर्धाराने गाडी बाजूला लावणे, ही कमाई पगारपत्रकात दिसत नाही, पण पुढची तीस वर्षे तीच त्याला जगविते. मालकानेही पगार बँकेत, ठरल्या तारखेला द्यावा. वजावटी आधी सांगाव्यात, नंतर नव्हे. आणि घरी परतण्याचा दिवस दिलेल्या शब्दाप्रमाणे पाळावा.

उरला समाज. या सभेत कारखानदार आहेत, व्यापारी आहेत, अधिकारी आहेत. आपल्या फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीचा माल वेळेत उतरतो का, चालकाला पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि टेकायला जागा मिळते का, एवढे जरी प्रत्येकाने उद्या सकाळी जाऊन पाहिले, तरी पुष्कळ होईल. त्याला अरे-तुरे न करता नावाने हाक मारली, तर त्याला एक पैसाही पडत नाही.

कुरुक्षेत्रावर प्रत्यक्ष भगवंताने घोड्यांचे लगाम हाती धरले, याचा आपण अभिमान बाळगतो. सारथ्याचे काम हलके असते, तर त्याने ते पत्करले नसते. मग आपल्या घरचे धान्य वाहून आणणाऱ्या सारथ्याला आपण कोणत्या पंक्तीत बसवितो? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी चालक मिळत नाहीत ही तक्रार निम्म्याने कमी झालेली असेल.