ओळख करून देताना
(मंडळाच्या सभेतील भाषण)



आपल्यातल्याच एका घरचा मुलगा इटलीत शिकतो. सुट्टीत आला तेव्हा सांगत होता, तिथे कुणाची ओळख करून देताना मित्राला 'ती प्रेझेन्तो' म्हणायचे आणि वडीलधाऱ्याला 'ले प्रेझेन्तो'. म्हणजे मान आहे तो ऐकणाऱ्याचा. ज्याची ओळख करून द्यायची, त्याच्यासाठी आपल्यासारखे 'हा' आणि 'हे' असे वेगळे शब्द त्यांच्याकडे नाहीत.

आम्ही गप्प झालो, कारण गेल्या वर्षीचा प्रसंग आठवला.

आपल्या बिदर-कलबुर्गीत मराठीतला 'हा' की 'हे', कानडीतला 'इवनु' की 'इवरु', या पहिल्याच शब्दात माणसाची पत कळते. आरतीला आलेल्या कानडी गुरुजींची ओळख आमच्या एका कार्यकर्त्याने मोठ्या हौसेने कानडीतून करून दिली, आणि तोंडून 'इवनु' गेले. सत्तरी ओलांडलेले गुरुजी हसले, प्रसाद घेतला, पण विसर्जनाला आले नाहीत. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाले, "कानडी चुकली म्हणून नव्हे हो, माझ्या विद्यार्थ्यांसमोर झालं म्हणून."

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा तिकडे गेले, भालकी, बसवकल्याण इकडे राहिले. सोयरिकी मात्र सीमा पाहून होत नाहीत. त्यामुळे लग्नघरात दोन्ही भाषांतून ओळखी करून द्याव्या लागतात, आणि गमती होतात. कानडीत 'माव' म्हणजे मामाही आणि सासरेही. मराठी पाहुणा 'नम्म माव' ऐकून नक्की कुणाला नमस्कार करतोय ते त्यालाच कळत नाही!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कानडीतल्या 'नम्म'मध्ये आमचे आणि आपले असा भेद नाही. मराठीत आहे. 'हे आमचे गुरुजी' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपले गुरुजी' म्हटले की तोही आत येतो. मंडपात आम्ही वर्षानुवर्षे 'आमचे'च म्हणत आलो, अगदी कानडी शेजाऱ्यांसमोरसुद्धा.

यंदा गुरुजींना पुन्हा बोलावले आहे. येतो म्हणालेत. ओळख करून देण्याचे काम त्याच कार्यकर्त्याने मागून घेतले आहे. 'इवरु नम्म गुरुगळु' एवढे एकच वाक्य तो आठवडाभर घोकतो आहे. मराठीतून बोलताना 'आपले' म्हणायचे, हेही त्याला सांगून ठेवले आहे.