कानावर आलेला कट

(धामणगाव बढे येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

जानेवारी 1948. मुंबईच्या रुइया कॉलेजात शिकवणारे प्रा. जगदीशचंद्र जैन यांच्याकडे एक पंजाबी निर्वासित तरुण येत असे. फाळणीत घरदार गेलेलं, हाताला काम नाही. जैनांनी त्याला आपली पुस्तकं कमिशनवर विकायला दिली. एके दिवशी बोलता बोलता तो सांगून गेला, की गांधीजींच्या जिवावर उठलेली एक टोळी आहे, आपणही तिच्यात आहोत आणि अहमदनगरचा एक शेठ पाठीशी आहे. जैनांनी त्याला समजावलं. पोळलेला पोरगा आहे, रागाच्या भरात बरळतोय, असं त्यांना वाटलं. पोलिसांत त्यांनी वर्दी दिली नाही.

20 जानेवारीला दिल्लीत बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. हाच तो पुस्तकं विकणारा तरुण. स्फोट गन-कॉटनचा होता. धामणगावच्या शिवारात वेचला जातो तो कापूसच आम्लाची प्रक्रिया होऊन असा जीवघेणा होतो. पेपरात बातमी वाचून जैन थेट मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. मोरारजींनी ती माहिती पोलीस उपायुक्त नगरवाला यांना दिली, सरदार पटेलांच्याही कानावर घातली. इकडे दिल्ली पोलिसांना मदनलालच्या जबाबातून पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा धागा मिळाला होता. ते पत्र काही छुपं नव्हतं. आधी ‘अग्रणी’, मग ‘हिंदू राष्ट्र’. संपादक नथुराम गोडसे, व्यवस्थापक नारायण आपटे.

हातात दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत गोडसे आणि आपटे मुंबईहून विमानानं दिल्लीला गेले, तिथून ग्वाल्हेर गाठलं, पिस्तूल मिळवलं आणि दिल्लीला परतले. 30 तारखेच्या संध्याकाळी प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. लाल किल्ल्यातल्या खटल्याचा निकाल देताना न्यायमूर्ती आत्मा चरण यांनी याच दहा दिवसांतल्या पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवलं. पुढे 1964 साली पुण्यात एका समारंभात ग. वि. केतकरांनी सांगितलं, की नथुरामचा इरादा आपल्याला आधीच ठाऊक होता. टिळकांच्या नातवाच्या तोंडचं हे वाक्य ऐकून देश हादरला. त्यातूनच पुढे कपूर आयोगाची चौकशी झाली, 1969 मध्ये अहवाल आला.

अमेरिकेत उजव्या गटांचा हिंसाचार किती वाढेल, तिथे बंड होईल का, हा आजचा विषय. मग सुरुवात रुइया कॉलेजापासून का? कारण अमेरिकेतल्या घटना एकेक करून पाहिल्या की हेच चित्र पुन्हा दिसतं. कट करणारे बोलतात, लिहितात, छापतात. ऐकणारे असतात. पुढचं सगळं त्या ऐकणाऱ्यांवर अवलंबून राहतं.

‘अमेरिकेत असं होणं शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन आठवावं. 10 नोव्हेंबर 1898 रोजी तिथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या सशस्त्र जमावानं कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राची कचेरी जाळली, माणसं मारली आणि निवडून आलेल्या नगर प्रशासनाला राजीनामे द्यायला लावून सत्ता हाती घेतली. त्याची तयारी कित्येक महिने भरसभांतून आणि वर्तमानपत्रांतून चालली होती. वॉशिंग्टनहून कोणीही आलं नाही.

1995 च्या 19 एप्रिलला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवली गेली. 168 माणसं गेली, त्यांत 19 लहान मुलं. टिमोथी मॅकव्हे हा माजी सैनिक. स्फोटकात मुख्य भाग अमोनियम नायट्रेटचा, शेतीमालाच्या दुकानातून पोत्यांनी घेतलेल्या खताचा. खताची पोती खांद्यावर वाहिलेल्या माणसाला हे ऐकून अंगावर काटा येतो. सरकार हाच शत्रू, असं सांगणारी एक कादंबरी हा मॅकव्हे बंदुकांच्या प्रदर्शनांत विकत हिंडत असे. उघड्यावर, टेबल मांडून.

आणि 6 जानेवारी 2021. आदल्याच दिवशी व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या एफबीआय कार्यालयानं कळवलं होतं, की लोक युद्धाच्या भाषेत बोलत वॉशिंग्टनला निघालेत, संसदेच्या भुयारांचा नकाशाही त्यांच्यात फिरतो आहे. तरी दुपारी निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव संसदेत घुसला. सुमारे 140 पोलीस जखमी झाले.

तरीही सत्ता उलथली नाही. सैन्य हललं नाही. निवडणुकीविरुद्धचे साठेक दावे न्यायालयांत टिकले नाहीत. जॉर्जियात निवडणुकीची जबाबदारी सांभाळणारे ब्रॅड रॅफेन्सपर्गर स्वतः ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. ‘11,780 मतं शोधा’ असा खुद्द राष्ट्राध्यक्षांचा फोन येऊनही ते बधले नाहीत. 6 जानेवारीच्याच रात्री उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी संसदेतली मतमोजणी पूर्ण केली. म्हणून 1861 सारखं यादवी युद्ध पुन्हा पेटेल, असं मानायला आज आधार नाही. छोट्या टोळ्यांचं आणि एकांड्या माथेफिरूंचं भय मात्र खरं आहे आणि ते वाढलं आहे. जून 2025 मध्ये मिनेसोटाच्या आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांना पोलिसाच्या वेषात आलेल्या माणसानं घरात मारलं. सप्टेंबरमध्ये उजव्यांचे तरुण नेते चार्ली कर्क यांना युटात गोळी लागली. सूडाचं हे चक्र कोणत्याही एका बाजूपाशी थांबत नाही. आपल्याकडे 1948 मध्ये गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ज्यांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांची घरं जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जळाला.

यापेक्षाही मोठी चिंता माफीची. 20 जानेवारी 2025 रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी संसदेवरील हल्ल्यातल्या सुमारे 1,500 जणांना माफ केलं आणि आणखी 14 जणांची शिक्षा कमी केली. 22 वर्षांची शिक्षा झालेला ‘प्राउड बॉईज’ या उजव्या टोळीचा म्होरक्या एन्रिके टारिओ मोकळा झाला. पोलिसाला मारूनही घरी परतता येतं, असा अर्थ उद्याच्या टोळीनं काढला तर तिला अडवणार कसं?

शिक्षेचा प्रश्न आपल्या दारातही आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना वर्षानुवर्षं धमक्या येत होत्या. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात पुलावर फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. मे 2024 मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधार उघडे पडले नाहीत, हे न्यायालयानंच म्हटलं. अकरा वर्षांत हाती लागलं ते एवढंच.

अमेरिकेतल्या मराठी घरांना याची झळ नवी नाही. 1987 मध्ये जर्सी सिटीच्या वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं. लिहिणाऱ्यांनी स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवलं होतं. कपाळावरच्या कुंकवाला ते ‘डॉट’ म्हणत, आणि भारतीयांना शहरातून हुसकावू, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला बेदम मारहाण झाली आणि त्यातच तो गेला. पत्र हजारो घरांत वाचलं गेलं होतं.

याउलट 2020 मधलं मिशिगन पाहा. एक माजी सैनिक बंदुकीचा सराव राहावा म्हणून एका सशस्त्र गटात गेला. तिथे पोलिसांना त्यांच्या घरी गाठून मारायच्या गप्पा त्याच्या कानांवर पडल्या. त्यानं त्या गप्पा म्हणून सोडल्या नाहीत. ओळखीच्या पोलिसाला सांगितलं, मग कित्येक महिने त्याच गटात राहून एफबीआयसाठी संभाषणं टिपली. गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांना पळवून नेण्याचा बेत त्यातून उघडा पडला. खबऱ्यांनीच कट वाढवला, असा बचाव कोर्टात झाला, काही जण निर्दोष सुटलेही; पुढाऱ्यांपैकी एकाला 16 तर दुसऱ्याला 19 वर्षांहून अधिक शिक्षा झाली. व्हिटमर आज जिवंत आहेत.

प्रा. जैनांनी लाल किल्ल्यात साक्ष दिली. मग त्यांनी सगळी हकिगत लिहून काढली. 1949 मध्ये इंग्रजीत आलेल्या त्या पुस्तकाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो: ‘मी बापूंना वाचवू शकलो नाही’.