रातपाळीचा शेजारी आणि जॅझ

(काळाचौकी येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जॅझ’ हा विषय पाहून एका जुन्या सहकाऱ्याने मला परवा हटकले : हे अमेरिकन साहेबाचे संगीत गिरणगावात कशाला? प्रश्न नवा नाही. पन्नास वर्षांपूर्वी याच वस्तीत, जवळजवळ याच शब्दांत तो मला विचारला गेला होता. तेव्हा मी गप्प बसलो होतो. आज उत्तर देण्याचा विचार आहे.

पहिली गोष्ट ही की, हे साहेबाचे संगीत नव्हे. गुलामांच्या वंशजांनी ते निर्माण केले आणि साहेबाने ते पुढे विकले. बिली हॉलिडे यांनी झुंडबळींविषयीचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित करावयाचे ठरविले, तेव्हा त्यांच्या मोठ्या कंपनीने नकार दिला. एका छोट्या कंपनीने ते काढले. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे काळ्या मुलांना शाळेच्या दारात अडविण्यात आले, तेव्हा लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारतर्फे सोव्हिएत रशियात जाण्याचे नाकारले. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकन परराष्ट्र खाते काळ्या वादकांना जगभर पाठवून आपल्या लोकशाहीची जाहिरात करीत होते. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आपल्या वाद्यवृंदासह मुंबईस आले ते त्याच खात्याच्या खर्चाने. आणि पुढच्याच वर्षी, मे १९६४ मध्ये, मिसिसिपीतील जॅक्सन येथे एका गोऱ्यांच्या उपाहारगृहात शिरल्याबद्दल डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली! परराष्ट्र खात्याने मागाहून दिलगिरी व्यक्त केली. एलिंग्टन यांच्या स्वागताला गेलेल्या आपल्या प्रतिष्ठितांपैकी कितीजणांनी या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या असतील, कोण जाणे.

मुंबईत हे संगीत तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा ताफा तेथे वाजवू लागला, पुढे टेडी वेदरफर्ड आले. ऐकणारे संस्थानिक आणि गोरे. पण शिकणारे आपले गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेली ही मुले पोटासाठी मुंबईत येत आणि गावाच्या कुडात पथारी टाकीत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तील (१९५१) ठेका आठवा, त्यात त्यांचा हात आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. आपण गणपतीच्या मिरवणुकीत ज्या गाण्यांवर नाचलो, त्यांतले अर्धे पितळी सूर या माणसांचे होते, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे सहसा नसत. कामगारांच्या हक्कांवर बोलणाऱ्या आम्हांलाही ते कधी खटकले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

आता माझ्याविषयी थोडे. चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. चोरबाजारातून मी जुना रेकॉर्डप्लेअर आणि काही तबकड्या आणल्या होत्या. लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे एक कामगार राहत. ते रातपाळीला जात, म्हणजे दिवसा झोपत. तेव्हा आवाज अगदी बारीक ठेवून, कर्ण्याच्या कापडाला कान लावून मी ऐकत असे. वर्षभर असे चालले. एकदा ते दारात येऊन उभे राहिले. मला वाटले, आता भांडण. ते म्हणाले, ‘‘तो एक बाजेवाला रडण्याच्या जवळ येतो आणि रडत नाही, तो कोण?’’

तबकडी होती जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘अलाबामा’ची. सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी स्फोट घडविला, चार मुली मेल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी ती ध्वनिमुद्रित झाली. मला ठाऊक होते तेवढे मी सांगितले. त्यांनी विचारले, ‘‘मारणारे सापडले का?’’ मला सांगता येईना.

फेब्रुवारी १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोबीतलावच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरविली. शेजाऱ्यांनी त्या रात्री खाडा केला. एका पाळीची मजुरी बुडवून ते माझ्याबरोबर सॉनी रोलिन्स यांना ऐकावयास आले. या रोलिन्स यांची कथा मी त्यांना वाटेत सांगितली होती : न्यूयॉर्कमध्ये शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून हा माणूस १९५९ पासून दोन वर्षे विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करीत असे, पुढे साठच्या दशकाअखेर पवईच्या आश्रमातही राहून गेला होता. ‘‘म्हणजे चाळीतलाच माणूस,’’ शेजारी म्हणाले. उघड्या आकाशाखाली तो सॅक्सोफोन ऐकताना ते पूर्ण वेळ मांडीवर हात बांधून बसले होते, टाळीसुद्धा वाजविली नाही. परत येताना शेवटची बस चुकली. आम्ही काळाचौकीपर्यंत चालत आलो.

चार वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. शेजाऱ्यांनी सहा महिने कळ काढली, मग भांडी विकली, मग बिऱ्हाड गावी हलविले. मी त्या दिवसांत धान्यवाटपात होतो. एका तरुण कार्यकर्त्याने मला तोंडावर विचारले की, तबकड्या का विकत नाही? मी विकल्या नाहीत. त्यांचे फारसे पैसे आले नसते हे खरे; पण ते कारण मी तेव्हा दिले आणि ते खरे कारण नव्हते. त्या मला हव्या होत्या. ते बोलणे अजून खुपते, आणि तरी मी तसेच केले असते.

रंगभवनाचे काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तेथील मैफली पुढे थांबल्या. रुग्णाच्या झोपेला माझा विरोध नाही. मी रातपाळीच्या माणसाशेजारी वाढलो आहे. पण सामान्य माणसाला परवडणारी एक सार्वजनिक जागा गेली आणि तिच्या मोबदल्यात दुसरी द्या, असा ठराव आमच्या एकाही बैठकीत आला नाही. जॅझ आता महागड्या सभागृहांत आणि मद्यालयांत ऐकू येतो. मग आपण म्हणतो की, तो श्रीमंतांचा आहे.

बर्मिंगहॅमच्या खटल्यात पहिली शिक्षा १९७७ मध्ये झाली होती. म्हणजे रंगभवनात आम्ही बसलो होतो तेव्हा शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तयार होते, मलाच त्याचा पत्ता नव्हता. उरलेल्या दोघांना २००१ आणि २००२ मध्ये शिक्षा झाली. ती बातमी घेऊन मी त्यांच्या गावी पत्र पाठविले. उत्तर त्यांच्या मुलाकडून आले, वडील वारल्याचे.

ती तबकडी मी आज आणली आहे. पाच मिनिटांची आहे. शेजारी कोणी रातपाळीचे नसेल तर आवाज मोठा ठेवतो.