मोटारीचीं पादत्राणें



सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोहोळ तालुक्यांत, चिंचोळी येथें एम.आय.डी.सी.ची औद्योगिक वसाहत आहे. सकाळच्या पाळीच्या वेळीं या वाटेवर कामगारांच्या दुचाकी, कारखान्यांच्या बसगाड्या, मालमोटारी, रसायनांचे टँकर आणि मधूनच एखादी उंची मोटार अशी रीघ लागते. या वाहनांच्या किंमतींत व वेगांत जमीनअस्मानाचें अंतर असतें. परंतु एका बाबतींत तीं सारखींच आहेत. जमिनीशीं त्यांचा जो संबंध येतो तो केवळ टायरच्या द्वारें. मोटारीच्या एका टायरचा जमिनीस टेकलेला भाग सुमारें तळहाताएवढाच असतो. मोटार पाऊण कोटीची असो कीं पांच लाखांची, तिची सारी मदार या चार तळहातांवर आहे. त्यांची निवड ऋतु पाहून कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय.

यांत बर्फाच्या देशांतील हिवाळी टायरांचा विचार प्रथम करावयाचा आहे. सोलापूरचा आणि बर्फाचा संबंध तो काय, असें कोणी विचारील. परंतु आतां जिल्ह्यांतील कित्येक घरांतील मुलेंमुली परदेशीं राहतात. समजा, चिंचोळीच्या वसाहतींतील एका लहान कारखानदाराचा मुलगा कॅनडांतील मॉंट्रियल शहरीं नोकरीस आहे. त्यानें तेथें चारी चाकांस इंजिनाची ओढ असलेली एक उंची सेडान घेतली आहे. ऑक्टोबर महिन्यांत तो फोनवर म्हणतो, "बाबा, हिवाळ्यासाठीं वेगळे चार टायर घ्यावे लागणार." वडिलांना ही उधळपट्टी वाटते. ते म्हणतात, "अरे, एवढी महाग गाडी घेतलीस, चारी चाकें ओढतात म्हणून सांगितलेंस, मग आहेत त्या टायरांनीं काय पाप केलें?"

प्रश्न व्यवहारी माणसाचा आहे. ज्या देशांत दरवर्षीं बर्फ पडतो तेथेंहि अशी गाडी घेणारे पुष्कळ लोक हाच प्रश्न करितात. मात्र त्याचें उत्तर चुकलें तर नुकसान पैशांचें होऊन थांबत नाहीं, जिवावर बेतते.

तेव्हां चारी चाकांची ओढ म्हणजे काय तें आधीं पाहूं. सामान्य मोटारींत इंजिनाची शक्ति पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांस मिळते. ती चारी चाकांस देण्याची युक्ति लष्करी व जंगली वाटांवरील गाड्यांत पूर्वीपासून होती. १९८० सालीं जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनांत ऑडी कंपनीनें "क्वाट्रो" ही गाडी मांडली, आणि तेव्हांपासून वेगवान व उंची मोटारींतहि ही योजना रुळत गेली. तिचा लाभ खरा आहे. एक चाक निसरड्यावर गरगर फिरूं लागलें तरी दुसरीं चाकें गाडी ओढून नेतात. बर्फांत उभी असलेली गाडी सुटते, चढ चढते.

परंतु हा लाभ निघण्याचा आहे, थांबण्याचा नव्हे. ब्रेक हा प्रत्येक मोटारीस चारी चाकांना असतोच. तो दोन चाकांची ओढ असलेल्या गाडीसहि असतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर चारी चाकांच्या ओढीची गाडी इतर गाडीपेक्षां लवकर उभी राहत नाहीं. वळणावर वेग अधिक झाला तर तीहि इतरांसारखीच बाहेर फेकली जाते. आपल्याकडील उपमा द्यावयाची तर, चिखलांत रुतलेली बैलगाडी दोहोंच्या ऐवजीं चार बैल जुंपल्यानें निघेल. पण तीच गाडी ओल्या, घसरड्या उतारास लागली म्हणजे बैल किती आहेत यापेक्षां त्यांचे खूर जमीन धरतात कीं नाहीं, हें महत्त्वाचें ठरतें. टायर हे मोटारीचे खूर होत.

यांत आणखी एक फसगत आहे. साध्या गाडीचीं चाकें निघतांनाच घसरूं लागतात व रस्ता निसरडा आहे ही सूचना चालकास तेथेंच मिळते. चारी चाकांच्या ओढीची गाडी मात्र मुकाट्यानें निघते, मुकाट्यानें वेग घेते, आणि रस्त्याचें खरें स्वरूप पहिला ब्रेक दाबीपर्यंत कळत नाहीं. वेग दुप्पट झाला तर थांबण्यास लागणारें अंतर सुमारें चौपट होतें, हा गणिताचा नियम तर सर्वांसच लागू आहे. ज्या गाडीचें सामर्थ्य अधिक, तिच्या चालकानें टायरची चौकशी अधिक करावी, तें याचसाठीं.

आतां हिवाळी टायर म्हणजे काय? आपल्या घरांतील खोबरेल तेलाची बाटली घ्या. उन्हाळ्यांत तें पाण्यासारखें वाहतें आणि थंडींत थिजून बसतें. टायरचें रबर थिजत नाहीं, पण थंडीनें तें कडक होतें. कच्च्या रबराचा हा दोष फार जुना. उन्हाळ्यांत चिकट व हिवाळ्यांत ठिसूळ अशी त्याची स्थिति असे. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास रबर व गंधक एकत्र तापविण्याची क्रिया सांपडली आणि तो दोष बराच आटोक्यांत आला. परंतु सर्व ऋतूंना सारखें मानवणारें रबर अजूनहि झालेलें नाहीं. आपण ज्याला नुसता टायर म्हणतों त्याला थंड देशांत उन्हाळी टायर म्हणतात. तापमान सुमारें सात अंश सेल्सिअसच्या खालीं गेलें कीं त्याचें रबर ताठर होऊं लागतें व रस्त्याच्या बारीक खडबडींत तें रुतत नाहीं. बर्फ पडलेला नसला, रस्ता नुसता कोरडा व गार असला, तरीहि पकड घटते.

हिवाळी टायरचें मिश्रण निराळें असतें. सिलिकासारखे पदार्थ घालून तें थंडींतहि मऊ राहील असें केलेलें असतें. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीनें चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्या बर्फावर टेकतांना उघडतात व कडांनीं बर्फ धरतात. मोठ्या खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फास बर्फ चांगला चिकटतो हें मुलांनाहि ठाऊक आहे. फिनलंडमध्यें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं असा टायर प्रथम बाजारांत आला व १९३६ सालीं प्रवासी मोटारींसाठीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. तेथील वाटांवर सहा सहा महिने बर्फ असे. गरज हीच त्या शोधाची जननी.

असा टायर ओळखावा कसा? त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्याच्या आंत हिमकणाची आकृति अशी खूण असते. बर्फावरील ठराविक कसोटीस उतरलेल्या टायरलाच ती मिळते. "एम प्लस एस", म्हणजे चिखल व बर्फ, हीं अक्षरें पुष्कळ टायरांवर असतात. पण तें करणाऱ्याचें केवळ स्वतःचें म्हणणें असतें, त्यास कसोटीची जोड असेलच असें नाहीं. उत्तर अमेरिकेंत उंची गाड्यांबरोबर पुष्कळदां "सर्व ऋतूंचे" म्हणून जे टायर येतात त्यांवर अनेकदां एवढींच अक्षरें असतात. घेणाऱ्यानें डोंगराची खूण शोधावी.

कायद्यानेंहि हीच दिशा धरली आहे. मॉंट्रियल ज्या क्वेबेक प्रांतांत आहे तेथें १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत मोटारींस हिवाळी टायर सक्तीचे आहेत. गाडीची ओढ किती चाकांची आहे, हें कायदा विचारीत नाहीं. जर्मनींत रस्ता हिवाळी स्थितींत असेल तेव्हां असे टायर लागतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथें डोंगराची खूण असलेलाच टायर ग्राह्य धरला जातो.

खर्चाची बाजूहि दिसते तेवढी वाईट नाहीं. हिवाळी संच चालत असतांना उन्हाळी संच विसांवा घेत असतो. दोन्ही संचांचें आयुष्य त्यामुळें वाढतें. उंची सेडानला पुष्कळदां वीस इंची चक्रें असतात. गाडीच्या पुस्तिकेंत परवानगी असेल व ब्रेकला अडथळा होत नसेल, तर हिवाळ्यासाठीं एकोणीस किंवा अठरा इंची चक्रें घ्यावींत. टायर स्वस्त पडतो, त्याची बाजू उंच असते व खड्ड्यांचा मार तो अधिक सोसतो. आकडे मात्र नीट वाचावे. २४५/४५ आर १८ असें लिहिलें असेल तर रुंदी २४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि चक्र १८ इंची. पुढें १०० हा आकडा असला तर तो टायर ८०० किलोपर्यंत भार घेतो. पुस्तिकेंत सांगितल्याहून हा भारांक कमी असूं नये.

आणखी एक पथ्य. टायर घ्यावयाचे तर चार घ्यावे. दोन हिवाळी व दोन उन्हाळी अशी मिसळ केल्यास गाडीचें एक टोक रस्ता धरतें व दुसरें सोडतें, आणि गाडी गिरकी घेते. शिवाय चारी चाकांच्या ओढीच्या गाडींत टायर निरनिराळे झिजलेले असले, तर त्यांचा घेर कमीजास्त होतो, आणि चाकांस शक्ति वांटून देणाऱ्या यंत्रणेवर अकारण ताण पडतो. दोन टायरांची काटकसर मग त्या दुरुस्तींत जाते.

इतकें ऐकून चिंचोळीच्या एखाद्या गाडीमालकास वाटेल कीं, एवढा उत्तम टायर आपणहि मागवावा. तसें करूं नये. सोलापुरास डिसेंबरांतहि दुपारीं तीस अंशांच्या आसपास तापमान असतें, आणि एप्रिल-मे महिन्यांत तें चाळिसाच्या वर जातें. डांबर तर हवेहूनहि तापतें. अशा रस्त्यावर हिवाळी टायरचें मऊ रबर झपाट्यानें झिजतें, गाडी वळणावर लडबडते व ब्रेक लागण्यास अंतर अधिक लागतें. बर्फांत कोल्हापुरी वहाण जशी निरुपयोगी, तसा सोलापूरच्या उन्हांत लोंकरीचा जोडा. येथें ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेला, उष्णता सोसणारा नेहमींचा टायरच योग्य. हिवाळ्यांत मनालीकडे बर्फ पाहण्यास जाणाऱ्यांनीं मात्र, गाडी चारी चाकांची असली तरी, बर्फाच्या साखळ्या किंवा तेथील माहीतगार चालकाची गाडी यांचा आश्रय करावा.

आपल्याकडील ऋतूचा शत्रु थंडी नव्हे, उष्णता होय. त्याविषयीं एक घातक समजूत पसरलेली आहे: उन्हाळ्यांत हवा तापून फुगते, म्हणून टायरमध्यें ती कमी भरावी. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. हवा कमी असली कीं टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकते, त्या वांकण्यानें रबर आंतून तापतें, आणि वेगांत असतांना तें फाटतें. तापल्यावर दाब थोडा वाढणार, हें गृहीत धरूनच कारखान्यानें आकडा ठरविलेला असतो. तो चालकाच्या दारापाशीं चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलेला असतो. गाडी थंड असतांना तितकाच दाब ठेवावा. उलट मॉंट्रियलच्या मुलानें ध्यानांत ठेवावें कीं, तापमान पांच-सहा अंशांनीं उतरलें कीं दाब सुमारें एक पौंड घटतो. ऑक्टोबरांत भरलेली हवा जानेवारींत पुरत नाहीं. नायट्रोजन भरल्यानें सर्व चिंता मिटते असेंहि समजूं नये. साध्या हवेंत तो ७८ टक्के असतोच.

समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला, आणि टायर फुटून होणारे अपघात पाहून २०२३ सालीं परिवहन खात्यास तेथें टायरांची तपासणी हातीं घ्यावी लागली. सरळ, लांब, तापलेला रस्ता आणि झिजलेला टायर यांची गांठ पडली म्हणजे काय होतें, हें त्यावरून दिसतें. सोलापूर-पुणें मार्गावरील प्रवाशांनींहि तो धडा घ्यावा. खांचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षां कमी झाली तर टायर नियमाप्रमाणें बाद होतो. पण मृगाच्या पहिल्या सरींत, रस्त्यावर तेल व धूळ यांचा राडा झालेला असतांना, तीन मिलिमीटरच्या खालचा टायरहि पाणी पुरेसें बाजूस सारूं शकत नाहीं. टायर विकत घेतांना बाजूवरील चार आंकडी तारीख पहावी: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून दिलेला टायर दुकानांत किती वर्षें पडून होता तें त्यावरून कळतें.

तात्पर्य, इंजिन किती चाकांना ओढतें हें गाडी घेतांना पहावें, आणि टायर घेतांना ती गाडी कोणत्या हवेंत, कोणत्या रस्त्यावर थांबवावयाची आहे हें पहावें. एवढें करून महिन्यांतून एकदां, सकाळीं गाडी बाहेर काढण्यापूर्वीं, चारी चाकांचा दाब मोजावा. आणि गाडीस स्टेपनी असेल तर तिचाहि, कारण अडचणीच्या वेळींच तिची आठवण होते आणि नेमकी तेव्हांच तिच्यांत हवा नसते.