औषध आणि मनाची तळमळ

छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया, या विकारावर औषधे आली त्यास फार काळ लोटलेला नाही. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा मनोविकारांवरील उपयोग प्रसिद्ध केला. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आले. भास ओसरले, अनेक रुग्ण घरी परतले.

परंतु मन शांत करणारे औषधच कधी मनाला निराळा त्रास देते. काहींना एका जागी बसवत नाही. येरझाऱ्या थांबत नाहीत, आतून जीव तळमळतो. वैद्यक यास ‘अकाथिसिया’ म्हणते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘बसता न येणे’. काहींची सुखदुःखे बोथट होतात. घरच्यांना वाटते, आजार उलटला. या समजुतीने मात्रा वाढविली, तर तळमळही वाढते. क्वचित आत्मघाताचे विचारही येतात.

बाजारकुणंगसारख्या रानातील गावाहून धारवाडचे मनोरुग्णालय दूर. दोन भेटींच्या मधल्या काळात रुग्णावर लक्ष ठेवणारे घरचेच. म्हणून मात्रा केव्हा बदलली आणि येरझाऱ्या केव्हा सुरू झाल्या, हे लिहून ठेवून डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करून वा औषध बदलून हा त्रास बहुधा आटोक्यात येतो. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. त्याने आजार उलटू शकतो. आत्मघाताची भाषा निघाली, तर पुढील तारखेची वाट न पाहता जवळच्या डॉक्टरांकडे न्यावे.

‘मला बसवत नाही’ असे रुग्ण म्हणाला, तर त्याचे म्हणणे प्रथम खरे मानावे.